नव्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये मासे आजारी दिसले, तर आधी पाणी तपासा

माशांच्या टाकीतले पाणी खडीच्या वाफ्यांतील झाडांना देऊन परत टाकीत फिरवणारी, म्हणजेच अ‍ॅक्वापोनिक्सची, नवी यंत्रणा सुरू केल्यानंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांत मासे सुस्तावतात, खाद्याकडे फिरकत नाहीत, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात किंवा एकामागून एक मरू लागतात, तेव्हा बहुतेकांना रोगाची शंका येते आणि औषधाचा शोध सुरू होतो. या काळात मूळ दोष माशांत क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो पाण्यात असतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर वनस्पतींना उपयोगी पडणाऱ्या नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंची वस्ती खडीवर, पाइपांच्या आतल्या पृष्ठभागावर आणि मुळांवर अजून पुरेशी बसलेली नसते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर ही वस्ती स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि पाणी थंड असेल तर त्याहून बराच अधिक काळ जातो. त्या मधल्या काळात पाण्यात नेमके काय बिघडले आहे हे ओळखणे आणि मासे वाचवताना जीवाणू व झाडे यांना धक्का न लावणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

पहिल्या तासात

मासे अस्वस्थ दिसताच खाद्य पूर्णपणे थांबवावे. निरोगी, वाढलेला मासा काही दिवस उपाशी राहिला तरी त्याला अपाय होत नाही, आणि खाद्य थांबल्यापासून एक-दोन दिवसांत त्याचे अमोनियाचे उत्सर्जन ठळकपणे घटते. टाकीच्या तळाशी न खाल्लेले खाद्य किंवा मेलेला मासा असेल, तर तो लगेच काढावा, कारण एक मोठा मृत मासा लहान टाकीतले अमोनिया एका दिवसात धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतो. त्याच वेळी हवेचा पुरवठा वाढवावा: आणखी एक एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) टाकावा, किंवा परतीचे पाणी उंचावरून पृष्ठभागावर पडेल अशी सोय करावी. कारण काहीही असले, तरी प्राणवायू वाढवल्याने नुकसान होत नाही आणि बहुतेक वेळा फायदाच होतो.

यानंतर पाणी बदलण्याची घाई होते, पण त्याआधी स्वच्छ बाटलीत टाकीतले पाणी भरून बाजूला ठेवावे. हा नमुना घेतला नाही आणि अर्धे पाणी बदलले, तर मासे कशामुळे अस्वस्थ झाले हे पुढे कळण्याचा मार्ग उरत नाही आणि तोच प्रसंग आठवडाभराने पुन्हा उद्भवतो. नमुना घेतल्यावर टाकीतले एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे; मात्र पाण्याचा सामू (pH) ६ च्या आसपास घसरला असेल, तर पुढे सांगितल्याप्रमाणे ते थोडे थोडेच बदलावे. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानात दोन-तीन अंशांपेक्षा अधिक फरक नसावा, आणि नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे. खडी किंवा फिल्टरमधील माध्यम या वेळी धुऊ नये. घाण दिसते म्हणून ते नळाच्या पाण्याखाली धुणे म्हणजे जेमतेम बसलेली जीवाणूंची वस्ती स्वतःच्या हाताने उखडणे होय.

चाचणी नीट करावी

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) आणि तापमान या सहा गोष्टी मोजता आल्याच पाहिजेत. विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे साधन मिळाले तर उत्तम. पट्टीपेक्षा थेंबांचे किट अधिक भरवशाचे असते. नायट्रेटच्या किटमधील द्रावणाच्या बाटलीत तळाशी पावडर बसत असेल, तर ती सूचनेप्रमाणे जोरात हलवली नाही की नायट्रेट खोटे कमी दिसते. नायट्राइटचा रंग तक्त्यातील शेवटच्या गडद खुणेला पोहोचला असेल, तर खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. अशा वेळी एक भाग नमुन्यात चार भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा चाचणी करावी आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे. किटची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे.

ज्या स्रोतातून पाणी भरले जाते त्या पाण्याचीही हीच चाचणी करावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जमिनीतून वर येते तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक आणि प्राणवायू कमी असू शकतो, त्यामुळे लगेच मोजलेला सामू फसवा असतो. ते पाणी बादलीत घेऊन चोवीस तास त्यात हवा सोडावी आणि मग सामू मोजावा; टाकीत तो अखेर ज्या पातळीला जाईल, तो आकडा हा असतो.

अमोनियाचा आकडा सामूशिवाय वाचू नये

नव्या यंत्रणेतील बहुतेक चुकीचे निर्णय या एका ठिकाणी होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. सामान्य किट पाण्यातले एकूण अमोनिया मोजते. या एकूण आकड्यात दोन रूपे एकत्र असतात: माशांना अत्यंत विषारी असलेले मुक्त अमोनिया आणि त्या मानाने बरेच निरुपद्रवी असलेले अमोनियम. या दोहोंचे प्रमाण सामू आणि तापमान ठरवतात. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया सुमारे ०.६ टक्के असते. सामू ८ असताना ते ५ टक्क्यांच्या थोडे वर जाते. आणि सामू ८.५ असताना १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजेच किटवर दोन्ही वेळा २ मिलिग्रॅम प्रति लिटर असेच दिसले, तरी सामू ७ असलेल्या टाकीत मुक्त अमोनिया अवघे ०.०१ मिलिग्रॅम असते, तर सामू ८.५ असलेल्या टाकीत ते ०.३ मिलिग्रॅमच्या घरात असते. मुक्त अमोनिया ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅमच्या आत राखावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पहिल्या टाकीतील मासे शांतपणे पोहत राहतील आणि दुसऱ्या टाकीत लाल सुजलेले कल्ले, भिंतीला अंग घासणारे मासे आणि पाठोपाठ मृत्यू दिसतील.

यातून एक अतिशय महत्त्वाचा इशारा निघतो. सामू ६ च्या आसपास घसरला असेल आणि अमोनिया ४ किंवा ५ मिलिग्रॅमपर्यंत साचले असेल, तर मासे तूर्त तग धरून असतात, कारण जवळजवळ सगळे अमोनिया अमोनियमच्या रूपात असते. अशा वेळी सामू सुधारायचा म्हणून चुना किंवा सोडा एकदम टाकला, तर काही मिनिटांत ते अमोनियम मुक्त अमोनियात बदलते आणि सकाळपर्यंत ठीक असलेले मासे संध्याकाळपर्यंत मरतात. त्यामुळे आधी पाणी थोडे थोडे बदलून एकूण अमोनिया खाली आणावे आणि मगच सामूला हात लावावा. येथेही बदलीच्या पाण्याचा सामू बराच वरचा असेल, तर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये.

पिशवीतून आणलेल्या नव्या माशांच्या बाबतीतही हेच घडते. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो आणि अमोनिया वाढत जाते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि अमोनिया विषारी होते. म्हणून बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, पण उघडल्यानंतर मासे त्या पाण्यात तासन्‌तास ठेवू नयेत, आणि ते पाणी टाकीत ओतू नये.

नायट्राइट

अमोनियाचा आकडा उतरू लागला आणि सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच बहुधा नायट्राइट चढते, कारण नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू मागाहून वाढतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे प्राणवायू वाहून न नेणाऱ्या रूपात परिवर्तन करते. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पृष्ठभागावर येऊन धापा टाकणाऱ्या माशाचे कल्ले लाल न दिसता चॉकलेटी रंगाचे दिसत असतील, तर नायट्राइटचीच शंका घ्यावी.

यावर साधे मीठ हा खरोखर उपयुक्त उपाय आहे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांमध्ये नायट्राइटशी स्पर्धा करते आणि त्याला आत येऊ देत नाही. एक हजार लिटर पाण्यात सुमारे १६५ ग्रॅम मीठ विरघळवले, की क्लोराइड प्रति लिटर १०० मिलिग्रॅमने वाढते. सुरुवातीच्या काळात आढळणाऱ्या बहुतेक प्रसंगांना एवढे संरक्षण पुरते आणि एवढ्या प्रमाणाचा झाडांना त्रास होत नाही. मीठ मिश्रणरहित असावे, बादलीत विरघळवून हळूहळू ओतावे आणि किती टाकले याची नोंद ठेवावी, कारण मीठ बाष्पीभवनाने जात नाही, केवळ पाणी बदलल्यानेच कमी होते. मीठ नायट्राइट नष्ट करत नाही. जीवाणू वाढेपर्यंत ते माशाला तगवते, इतकेच. दरम्यान खाद्य बंद किंवा अगदी नाममात्र ठेवणे आणि पाणी बदलत राहणे सोडू नये.

नायट्रेट मात्र या यंत्रणेचे अपेक्षित फळ आहे. ते दिसू लागले आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्याजवळ टिकून राहिले, की जीवाणूंची वस्ती बसली असे समजावे.

सामू: वरचा असो वा घसरणारा

मासे, झाडे आणि जीवाणू या तिघांचा मेळ बसण्यासाठी सामू ६.८ ते ७.० च्या आसपास असणे सोयीचे असते. नव्या यंत्रणेत तो बहुधा याहून वर असतो. कारण कठीण पाणी हे असू शकते, किंवा वाफ्यातील खडी चुनखडीची असू शकते. मूठभर कोरड्या खडीवर व्हिनेगर ओतून पाहावे. बुडबुडे आले, तर ती खडी पाण्यात विरघळत राहणार आणि सामू ७.५ ते ८ च्या खाली टिकणार नाही. अशा खडीशी आम्ल टाकून झुंजण्यापेक्षा ती बदलणे शहाणपणाचे आहे. खडी निर्दोष असेल आणि दोष केवळ पाण्याच्या कठीणपणाचा असेल, तर आम्लाची प्रक्रिया मत्स्यटाकीत न करता, भरण्याच्या पाण्याच्या वेगळ्या पिंपात करावी. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. लिंबूरस किंवा सायट्रिक आम्ल टाळावे, कारण ते जीवाणूंना मारक ठरते. पुष्कळदा काहीही न करणे हाच योग्य निर्णय असतो: सामू ७.८ वर स्थिर असेल आणि मासे व्यवस्थित खात असतील, तर जीवाणूंची वस्ती वाढेल तसा तो आपोआप उतरू लागेल.

हे उतरणे नैसर्गिक आहे. जीवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे रूपांतर करताना सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च करतात. ही अल्कलिनिटी संपली, की सामू दोन-तीन दिवसांत एकदम कोसळतो, आणि ६ च्या खाली जीवाणूंचे काम खूप मंदावते. मग अमोनिया पुन्हा चढते आणि जीवाणू मेले की काय, असा गैरसमज होतो. म्हणून केवळ सामूवर नजर ठेवणे पुरेसे नाही. अल्कलिनिटी ६० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाऊ लागली, की पोटॅशियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचा आलटून पालटून, अल्प प्रमाणात वापर सुरू करावा. त्यातून झाडांना पोटॅशियम आणि कॅल्शियम ही दोन्ही अन्नद्रव्ये मिळतात. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी विकसित केलेल्या यंत्रणेतही कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेच आलटून पालटून वापरले जात. ही हायड्रॉक्साइडे तीव्र असतात, त्यामुळे नवख्याने कार्बोनेटांपासूनच सुरुवात करावी. खाण्याचा सोडा अडीनडीला चालतो, पण त्यातले सोडियम साचत जाऊन झाडांना बाधते. कोणताही पदार्थ वापरला, तरी दिवसभरात सामू ०.२ ते ०.३ पेक्षा अधिक बदलू देऊ नये.

प्राणवायूची कमतरता

विरघळलेला प्राणवायू प्रति लिटर ५ मिलिग्रॅमच्या वर असावा. पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना सुमारे ९.१, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. मापक नसेल, तर लक्षणांच्या वेळेवरून अंदाज बांधता येतो. मासे पहाटे धापा टाकत असतील आणि उन्हे वर आल्यावर सावरत असतील, तर रात्री प्राणवायू घटतो आहे. पाणी हिरवे असेल तर शेवाळ त्याला जबाबदार असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यावरचा उपाय टाकीवर सावली धरणे हा आहे. प्राणवायू कमी पडतो तेव्हा सहसा मोठे मासे आधी मरतात. वीज गेल्यावर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप ही चैन नसून गरज आहे, आणि मासे सोडण्याआधी तो बसवलेला असावा.

वाफ्यातून किंवा टाकीच्या तळातून सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर तेथे साचलेल्या गाळात प्राणवायू पोहोचत नाही असे समजावे. तो गाळ नळीने थोडा थोडा ओढून बाहेर टाकावा. ढवळून पाण्यात मिसळू देऊ नये, कारण त्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू माशांना अल्प प्रमाणातही मारतो.

आकडे निर्दोष, तरीही मासे मरतात

पाणी भरल्यापासून काही तासांतच मासे उसळ्या मारू लागले आणि मेले, तर क्लोरीनचा विचार आधी करावा. साधे क्लोरीन चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जोरात हवा सोडल्यास उडून जाते. क्लोरामाइन मात्र असे जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वापरावे लागते, आणि क्लोरामाइन तुटताना अमोनिया मोकळे होते हेही लक्षात ठेवावे. यंत्रणेत पितळ, तांबे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड कोठे पाण्याला लागते आहे का, हे एकेक जोड तपासून पाहावे. तांबे आणि जस्त माशांना विषारी असतात आणि मऊ, आम्लधर्मी पाण्यात ते अधिक विरघळतात. पाइपांच्या जोडांवरचे सॉल्व्हंट सिमेंट पुरते सुकले होते का, झाडांवर कोणी कीटकनाशक फवारले का, साबणाचा हात टाकीत गेला का, असे प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारावेत.

रोग कधी समजावा

सगळे मासे एकाच दिवशी, अंगावर कोणतीही खूण नसताना बिघडले, तर कारण पाण्यात असते. एक-दोन मासे आधी, मग काही दिवसांनी आणखी काही, आणि अंगावर ठिपके, चट्टे, कापसासारखे पुंजके किंवा झडलेले पर, असे दिसले तर रोगाचा विचार करावा. अर्थात तेव्हाही पाण्याची चाचणी आधी करावीच, कारण बहुतेक रोगकारक जीव ताणाखाली असलेल्या माशालाच गाठतात.

मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हे इक या परजीवीचे लक्षण आहे. माशाच्या त्वचेखाली असताना त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो, म्हणून उपचार एकदा करून भागत नाही. त्याचे चक्र उबदार पाण्यात आठवड्याच्या आत, तर थंड पाण्यात कित्येक आठवड्यांत पूर्ण होते. कापसासारखे पुंजके बहुधा जखमेवर, विशेषतः थंड पाण्यात, वाढलेल्या बुरशीचे असतात. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि कडांना पिवळसर झाक दिसली, तर कॉलम्नॅरिस हा जीवाणूजन्य रोग असू शकतो. तो उबदार, गर्दीच्या टाकीत वेगाने पसरतो.

औषध कोणतेही असो, ते मुख्य यंत्रणेत कधीही टाकू नये. प्रतिजैविके नायट्रेट बनवणाऱ्या जीवाणूंनाही मारू शकतात, तांब्याची औषधे पाण्यात आणि खडीत राहतात, आणि झाडे व मासे दोन्ही अखेर खाण्यासाठी वाढवलेले असतात. मॅलाकाइट ग्रीन तर खाण्याच्या माशांसाठी वापरूच नये. आजारी मासा वेगळ्या, हवा सोडलेल्या टाकीत हलवावा. बाह्य परजीवींसाठी प्रति लिटर १० ग्रॅम मिठाच्या पाण्यात सुमारे दहा मिनिटे अंघोळ घालता येते, मात्र त्या वेळी समोरून हलू नये. मासा तोल गमावून कलंडला, की त्याला त्याच क्षणी स्वच्छ पाण्यात परत घ्यावे. खवले नसलेल्या जाती मीठ कमी सोसतात. रोग ओळखता येत नसेल, तर अंदाजाने औषध देण्यापेक्षा मत्स्यरोगांची जाण असलेल्या पशुवैद्याला नुकताच मेलेला मासा बर्फावर ठेवून दाखवावा. तो गोठवू नये. पुढच्या वेळी नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मुख्य टाकीत सोडावेत.

खाद्य पुन्हा सुरू करताना

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ०.५ मिलिग्रॅमच्या खाली सलग दोन-तीन दिवस राहिले, की खाद्य नेहमीच्या एक चतुर्थांश मात्रेने सुरू करावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी करावी, आणि आकडे हलले नाहीत तरच मात्रा वाढवावी. पाच ते दहा मिनिटांत मासे जेवढे संपवतात तेवढेच द्यावे आणि उरलेले काढून घ्यावे. वाढलेल्या माशांना दिवसाला त्यांच्या वजनाच्या एक ते दोन टक्के खाद्य पुरते. नवख्याने हजार लिटरमागे दहा ते वीस किलोपेक्षा अधिक मासे ठेवण्याच्या मोहात पडू नये. यंत्रणा बसेपर्यंत याच्या निम्मे असणेच बरे. रोजच्या वहीत तारीख, तापमान, सामू, अमोनिया, नायट्राइट, दिलेले खाद्य, बदललेले पाणी आणि टाकलेला प्रत्येक पदार्थ लिहावा, आणि एका दिवशी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे वहीवरून सांगता येईल.